वाणिज्याचे एक प्राध्यापक : द. गो. कर्वे

वाणिज्य शिकविणाऱ्या मनुष्याचे चरित्र लिहिण्याची आपल्याकडे चाल नाही. कवींची चरित्रे निघतात, शास्त्रीपंडितांची निघतात, रँग्लर होऊन आलेल्या गणित्यांची तर मोठ्या हौसेने निघतात. पण जमाखर्च, चलन, पेढ्या आणि सहकार हे विषय ज्याने जन्मभर शिकविले, तो गृहस्थ निवृत्त झाला की त्याची आठवण विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्यांत काय ती उरते; आणि जुन्या वह्या शेवटी रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. विद्या सरस्वतीची व पैसा लक्ष्मीचा, आणि या दोघींचे पटत नाही, ही समजूत आमच्या सुशिक्षित घरांत इतकी मुरलेली आहे की, वाणिज्याच्या प्राध्यापकाकडे दोन्ही दारी संशयानेच पाहिले जाते. व्यापारी म्हणतो, याने कधी दुकान चालविले नाही. पंडित म्हणतो, याने दुकानाखेरीज दुसरे काही पाहिले नाही. अशा या उपेक्षित वर्गातील एका थोर पुरुषाचे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यांचे नाव प्रा. दत्तात्रेय गोपाळ कर्वे. जन्म डिसेंबर १८९८, मृत्यु डिसेंबर १९६७.

आम्ही नाशिकरोडला राहतो व तेथेच शिकवितो. आमच्या वर्गातील मुलांस हे नाव पाठ्यपुस्तकात दोनदा भेटते. एकदा लघुउद्योगांच्या प्रकरणात ‘कर्वे समिती, १९५५’ म्हणून, आणि एकदा सहकाराच्या प्रकरणात ‘कर्वे आयोग, १९६६’ म्हणून. दोन्ही ठिकाणी ते कंसात असते. हे दोन्ही कर्वे एकच, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एखादा चौकस मुलगा विचारतो, हे स्त्रीशिक्षणाचे कर्वे काय? दुसरा त्याहून चौकस असला तर ‘समाजस्वास्थ्य’कर्त्यांचे नाव घेतो. महाराष्ट्राने कर्वे या आडनावाचे इतके पराक्रमी लोक पाहिले आहेत की, एखादा कर्वे गर्दीत हरवावा यात नवल नाही. मात्र ज्याच्या अध्यक्षतेखाली जगभरच्या सहकारी संस्थांची तत्त्वे नव्याने लिहिली गेली, तो मनुष्य आपल्याच प्रांतात केवळ कंसात उरावा, याचे वाईट वाटते.

नाशिकरोडचे नाव येथे निष्कारण काढलेले नाही. एके काळी ज्या स्टेशनावर उतरून लोक ट्रामने नाशकात देवदर्शनास जात, त्या या गावास पुढे पैशाचेच गाव म्हणावे अशी स्थिति आली. सरकारचा तिकिटांचा छापखाना येथे आला आणि त्यापाठोपाठ १९२८ पासून नोटांची छपाई सुरू झाली. त्यापूर्वी हिंदुस्थानच्या कागदी नोटा विलायतेहून छापून येत. पुढे देवासचा कारखाना निघेपर्यंत, म्हणजे १९७०-८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, देशातील नोट म्हणजे नाशिकरोडची नोट असेच समीकरण होते. ज्या गावात पैसा कागदाच्या रूपाने जन्मास येतो, तेथील लोकांस पैशाविषयी फारसे कुतूहल नसते, हा आमचा अनुभव आहे. हलवायाची मुले मिठाई खात नाहीत, तशातलाच हा प्रकार. पण पैसा छापला जाऊन गेल्यावर तो कोणाच्या हाती जातो, कोणाच्या हाती जात नाही आणि का जात नाही, हा प्रश्न कर्व्यांनी आयुष्यभर उराशी धरला.

त्यांच्या अध्यापनाची भूमि पुण्याची, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची. १८८४ साली निघालेल्या त्या संस्थेत विद्वानांनी तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे शिकवावे अशी रीत पडली होती. गोखल्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात याच रीतीने आपल्या उमेदीची वर्षे घालविली व १९०२ साली तेथून निरोप घेतला. प्रा. वामन गोविंद काळे यांनी तेथे अर्थशास्त्राची परंपरा घातली. कर्वे त्याच परंपरेतील. ते अर्थशास्त्र शिकवीत. पण त्यांचे अर्थशास्त्र केवळ भाव आणि पुरवठा यांचे नव्हते. राज्यव्यवस्था आणि इतिहास यांच्याशी ते घट्ट बांधलेले होते.

याचे प्रत्यंतर त्यांच्या आरंभीच्या ग्रंथातच मिळते. गोलमेज परिषदांच्या धामधुमीत हिंदुस्थानास संघराज्य हवे की नको, हा वाद पेटला असता त्यांनी निरनिराळ्या देशांच्या संघराज्यांचा तौलनिक अभ्यास करून इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने संघराज्यावर लिहावे, हे तेव्हाही काहींस चमत्कारिक वाटले असेल. आम्हांस मात्र त्यांच्या सर्व पुढील आयुष्याचे बीज या एका विषयात दिसते. संघराज्याचा प्रश्न काय असतो? लहान घटकाने आपले स्वत्व न गमावता मोठ्या समूहात सामील कसे व्हावे, आणि मोठ्या समूहाने लहानास गिळून न टाकता बळ कसे द्यावे, हाच ना? १९३५ च्या कायद्यातील संघराज्य तर कागदावरच राहिले. पण कर्व्यांच्या मनातून हा प्रश्न गेला नाही. तो राज्यांवरून उद्योगांवर आला, उद्योगांवरून खेड्यांवर आला आणि अखेर सहकारी संस्थांवर येऊन स्थिरावला. प्रत्येक वेळी त्यांच्या हाती निराळे काम आले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न तोच होता.

१९३६ साली त्यांचा हिंदुस्थानचे दारिद्र्य व लोकसंख्या या विषयावरचा ग्रंथ आला. आणि १९४२ साली न्यायमूर्ति रानड्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी त्यांनी रानड्यांवर एक पुस्तक लिहिले. येथे आम्हां नाशिककरांस थोडा थांबण्याचा अधिकार आहे. नाशिकरोडहून मनमाडच्या बाजूस गाडी निघाली की ओढा, खेरवाडी, कसबे-सुकेणे ही स्टेशने टाकून निफाड येते; तेथे १८ जानेवारी १८४२ रोजी रानड्यांचा जन्म झाला. पुढे १८७८ साली सरकारने पुण्याच्या चळवळींपासून दूर ठेवण्यासाठी त्यांस बदलीवर नाशकास धाडले. म्हणजे ज्यास हिंदी अर्थशास्त्राचा जनक म्हणतात तो पुरुष एकदा जन्माने आणि एकदा सरकारच्या गैरमर्जीने, असा दोनदा आमच्या जिल्ह्याच्या वाट्यास आला.

रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात असे प्रतिपादिले की, इंग्लंडच्या अनुभवावरून काढलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे येथे लावणे हा शास्त्राचाच विपर्यास आहे. त्याच सुमारास त्यांनी शेतजमिनीच्या तारणावर द्यावयाच्या कर्जाची घडी नव्याने कशी बसवावी, याविषयी सविस्तर निबंध वाचला. १८७५ चे दख्खनचे दंगे, सावकारांच्या वह्यांच्या होळ्या, शेतकऱ्याचे न फिटणारे देणे हे सर्व त्यांनी न्यायाधीशाच्या आसनावरून पाहिले होते. कर्व्यांस रानड्यांकडून मिळालेला वारसा तो हा: कर्ज ही केवळ रकमेची गोष्ट नसून ती संस्थेची गोष्ट आहे. सावकार जाऊन त्याच्या जागी संस्था उभी राहिल्याखेरीज शेतकऱ्यास पैसा मिळाला तरी तो त्याच्यापाशी टिकत नाही.

एवढी पूर्वपीठिका ध्यानी घेतल्यावर १९४३ साली जे घडले त्याचा अर्थ लागतो. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुण्यात वाणिज्याचे महाविद्यालय काढले आणि कर्वे त्याचे पहिले प्राचार्य झाले. मुंबईत सिडेनहॅम कॉलेज १९१३ सालीच निघाले होते, डॉ. आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तेथेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईत १९४१ साली पोद्दार कॉलेजही सुरू झाले. पण ज्या पुण्याने शाळा-कॉलेजांचा एवढा बडिवार माजविला, त्या पुण्यात वाणिज्याचे स्वतंत्र महाविद्यालय १९४३ पर्यंत नव्हते! नाशिक, नगर, सातारा येथल्या मुलास वाणिज्याची पदवी घ्यावयाची तर बहुधा मुंबईची वाट धरावी लागे. आणि मुंबईत राहण्याचा खर्च ज्याच्या बापास झेपत नसे तो कलाशाखेत नाव घालून मास्तर वा कारकून होई.

महाविद्यालयाचे नाव ‘बृहन्महाराष्ट्र’ पडले ते चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली काढलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या देणगीमुळे. म्हणजे वाणिज्याची विद्या पुण्यात उसाच्या पैशावर उभी राहिली. या प्रसंगात आम्हांस मोठी मौज वाटते. सात-आठ वर्षांनी शेजारच्या नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला व त्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळ या दुसऱ्या एका अर्थशास्त्रज्ञाने पत्करले. भागीदारांच्या कंपनीच्या साखरेतून कॉलेज निघाले, आणि प्राध्यापकाच्या विद्येतून शेतकऱ्यांची साखर निघाली. लक्ष्मी आणि सरस्वती यांचे वैर असल्याचे जे आम्ही वर म्हटले, ते निदान या एका पदार्थापुरते खोटे ठरले आहे.

१९४३ हे साल साधे नव्हते. युद्ध चालू होते, मुंबईत त्याच वर्षी धान्याचे रेशनिंग सुरू झाले, बंगालात लोक उपासमारीने मरत होते आणि काळा बाजार हा शब्द घरोघरी पोचत होता. नियंत्रणे, परवाने, कोटे यांमुळे हिशेब जाणणाऱ्या तरुणांस एकाएकी मागणी आली. अशा वेळी वाणिज्याचे कॉलेज काढणे म्हणजे कारकुनांचा कारखाना काढणे, हा आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता. पण संघराज्यांचा आणि रानड्यांचा अभ्यासक त्या कॉलेजाच्या प्राचार्यपदी बसतो, यातच त्या आक्षेपाचे उत्तर आहे. हिशेब हा संस्थेने आपल्या सभासदांस द्यावयाचा जबाब होय, ही दृष्टि ज्यास आहे त्याच्या हाती जमाखर्चाचे शास्त्रही नागरिकशास्त्र होते. आज सर्वत्र वाणिज्याची महाविद्यालये निघाली आहेत. नाशकास भि. य. क्ष. वाणिज्य महाविद्यालय १९५७ साली निघाले, आणि गोखल्यांच्या नावे १९१८ साली स्थापन झालेल्या त्याच शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय नाशिकरोडलाही आहे. त्यास लोक ‘बिटको’ या सुटसुटीत नावानेच ओळखतात. मुले भरपूर, निकालही बरे. पण तेरीज जुळली म्हणजे विद्या झाली, या समजुतीने कर्व्यांचा प्रश्न अभ्यासक्रमातून केव्हाच बाहेर गेला आहे.

पन्नाशी उलटल्यावर प्राध्यापक बहुधा जुन्या टिपणांवर दिवस काढतो. कर्व्यांचे उलट झाले. त्यांचे अत्यंत महत्त्वाचे कार्य वर्ग सोडल्यानंतरचे, शेवटच्या पंधरा वर्षांतले आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ ठिकाणी सामुदायिक विकासाच्या योजनांस आरंभ झाला. त्याच वर्षी नियोजन मंडळाने या कामाची पाहणी करण्यासाठी मूल्यमापनाचे एक स्वतंत्र खाते काढले आणि त्याचे पहिले संचालक म्हणून कर्व्यांस बोलाविले. योजना चालविणारे निराळे व तिची तपासणी करणारे निराळे, हा जमाखर्चाच्या शास्त्रातील पहिला धडा. सरकारने तो आपणांस लावून घ्यावा ही गोष्ट त्या काळी जगातही विरळ होती. या खात्याचे अहवाल वर्षानुवर्षे निघत राहिले. रस्ते झाले, विहिरी झाल्या, पण लोकांचा सहभाग वरवरचा आहे, आणि ज्याची जमीन मोठी त्याच्या पदरात लाभही मोठा पडतो, असे त्यांत स्पष्टपणे येत गेले. सरकारी पगार घेऊन सरकारच्या आवडत्या योजनेची उणीव सरकारासच लिहून द्यावयाची, हे काम वाटते तितके सोपे नसते. ओरडून करणारे पुष्कळ असतात. अहवालाच्या थंड भाषेत करणारे थोडे.

पुढे जून १९५५ मध्ये ग्रामोद्योग व लघुउद्योग यांविषयीची समिती नेमली गेली व कर्वे तिचे अध्यक्ष झाले. ऑक्टोबरात अहवाल तयार! समित्यांच्या अहवालांची वाट पाहत ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांनी हा वेग ध्यानी घ्यावा. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलाद आणि अवजड यंत्रे यांवर पैसा ओतावयाचा ठरला होता. मग लोकांस नित्य लागणारे कापड, तेल, चामड्याच्या वस्तु कोणी करावयाच्या, आणि कोट्यवधि कारागिरांचे हात रिकामे पडू न देता त्या कशा करावयाच्या? समितीचे उत्तर असे होते की, उपभोग्य वस्तूंची वाढती मागणी शक्य तेथवर खेड्यांतील व लहान उद्योगांनी भागवावी, मोठ्या गिरण्यांच्या वाढीस त्या क्षेत्रात आवर घालावा, कारागिरांची हत्यारे क्रमाक्रमाने सुधारावी आणि त्यांस सहकारी संस्थांत गोवावे. समितीने २६० कोटी रुपयांची मागणी केली. योजनेत २०० कोटी मिळाले.

या अहवालावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती ऐकून न घेता कर्व्यांचा गौरव करणे हा अप्रामाणिकपणा होईल. या विचारातूनच काही वस्तु लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण आले. १९६७ साली ही यादी ४७ वस्तूंची होती. पुढे ती आठशेंच्या वर गेली. आणि शेवटच्या २० वस्तु एप्रिल २०१५ मध्ये वगळल्यावर ती संपली. लहान उद्योगास संरक्षण देता देता आपण त्यास लहानच राहण्याची सक्ति केली, मोठा होईल तर सवलती जातील अशी भीति घातली, आणि शेकडो मजूर पोसणारे कारखाने पूर्वेकडील इतर देशांत निघाले, हा आक्षेप आम्हांस बव्हंशी खरा वाटतो. मात्र अहवालात हत्यारे सुधारण्याची व सहकारी संघटनेची जी जोड होती ती मागे पडून केवळ कुंपण तेवढे पुढे आले, हेही तितकेच खरे. चार महिन्यांच्या अहवालावर साठ वर्षांच्या आळसाचे ओझे घालणे न्यायाचे नव्हे.

आमच्या जिल्ह्यात या धोरणाचा निकाल दोन गावांत डोळ्यांनी पाहावयास मिळतो. गिरण्यांच्या कापडास आवर घातला की हातमाग जगेल, अशी अपेक्षा होती. गिरणी अडली खरी. पण मोकळी झालेली जागा हातमागाने घेतली नाही, ती यंत्रमागाने घेतली. मालेगावच्या विणकराने हातमाग मोडून यंत्रमाग बसविला, कारण त्यास पोट होते व पोटास समितीचा अहवाल वाचता येत नव्हता. रात्रंदिवस खडखडणारे ते माग ना गिरणी, ना ग्रामोद्योग. मजुरास गिरणीतले हक्क नाहीत आणि हातमागाची स्वतंत्रताही नाही. इकडे येवल्याची पैठणी टिकली. पण ती संरक्षणाने नव्हे, तर जे काम यंत्रास साधत नाही ते हाताने करून आणि त्याची किंमत मोजणारे गिऱ्हाईक मिळवून. कर्व्यांनी विणकरास दोनच वाटा दिसतील असे धरले होते. विणकराने तिसरी काढली.

१९५९ ते १९६१ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरु होते. नाशकाचे वाणिज्य महाविद्यालय तेव्हा नुकतेच पाळण्यातून उतरले होते आणि त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली होते. नंतर १९६२ ते १९६४ ही दोन वर्षे ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर झाले. म्हणजे नाशिकरोडच्या छापखान्यातून ज्या बँकेच्या नोटा निघत, तिच्या कारभारात वाणिज्याचा हा प्राध्यापक जाऊन बसला. त्या नोटांवर सही असे गव्हर्नर भट्टाचार्य यांची; कर्व्यांचे नाव कोणत्याही नोटेवर येण्याचे कारण नव्हते, आणि आलेही नाही.

पण नोटेपेक्षा नोटेच्या प्रवासाचे महत्त्व अधिक. त्यापूर्वी थोड्याच वर्षांमागे रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी केली होती. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा होऊन जवळजवळ अर्धशतक लोटले असता शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा शेकडा ३.१ एवढाच निघाला. सावकारांचा वाटा शेकडा ७० च्या आसपास. रानड्यांनी मांडलेला प्रश्न साठ वर्षांनी तसाच उभा! कर्व्यांच्या कारकीर्दीत, १९६३ साली, शेतीस लांब मुदतीचे भांडवल पुरविणाऱ्या संस्थांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी पुनर्वित्त महामंडळ निघाले. आजच्या राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेचे ते एक मूळ.

आता शेवटच्या आणि आमच्या मते सर्वांत मोठ्या कार्याकडे वळू. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ जणांनी, बहुतेक विणकर व कारागीर, एक लहानसे सहकारी दुकान काढले. त्यांनी घालून घेतलेले नियम हेच पुढे जगभरच्या सहकाराचे धर्मशास्त्र बनले. १९३७ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांतून सात तत्त्वे निश्चित झाली. पण नंतर महायुद्ध झाले, आशिया-आफ्रिकेतील देश स्वतंत्र झाले, रशियासारख्या साम्यवादी देशांतल्या संस्थाही आपण सहकारी म्हणवू लागल्या. रोखीनेच व्यवहार करावा हा दुकानाचा नियम शेतकऱ्यांच्या पतपेढीस कसा लागावा? पतपेढी तर उधारीसाठीच जन्मलेली! तेव्हा १९६३ साली बोर्नमथच्या परिषदेने तत्त्वांची फेरतपासणी करण्याचे ठरविले व त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद पुण्याच्या या निवृत्त प्राध्यापकाकडे आले. सहकाराचे जन्मस्थान इंग्लंड. त्याच्या धर्मशास्त्राची दुरुस्ति करावयास मनुष्य बोलाविला तो महाराष्ट्रातून. १९६६ साली व्हिएन्नाच्या परिषदेत आयोगाच्या शिफारशी मान्य झाल्या.

आयोगाने सहा तत्त्वे ठेविली. सभासदत्व खुले व ऐच्छिक असावे. कारभार लोकशाहीचा असावा. भागभांडवलावरील व्याज मर्यादित असावे. वाढावा सभासदांत न्यायाने वाटावा. सहकाराचे शिक्षण द्यावे. ही पाच जुन्याचाच सुधारलेला अवतार. रोखीचा नियम गेला. राजकीय व धार्मिक तटस्थता हेही स्वतंत्र तत्त्व म्हणून गळले. या दुसऱ्या गोष्टीबद्दल आमच्या मनात किंतु आहे. आयोगाचे म्हणणे असे की, तटस्थता या शब्दाने निष्क्रियता सूचित होते, व स्वातंत्र्याची हमी लोकशाही कारभारातच आहे. युक्तिवाद सबळ आहे. पण महाराष्ट्रात पुढे सहकारी संस्था आणि राजकीय पक्ष यांचा जो एकजीव झाला तो पाहता ते तत्त्व निदान भिंतीवर तरी टांगलेले असावयास हवे होते, असे वाटते. अर्थात आमच्या पुढाऱ्यांनी व्हिएन्नाचा ठराव वाचून मग संस्था ताब्यात घेतल्या, असे म्हणणे हा त्यांच्या वाचनाचा अवास्तव गौरव होईल.

सहावे तत्त्व मात्र अगदी नवे होते: सहकारी संस्थांनी आपसांत सहकार करावा, आपल्या गावात, आपल्या देशात आणि देशादेशांत. तीस-बत्तीस वर्षांमागे संघराज्यांवर ग्रंथ लिहिणारा तरुण अध्यापक येथे पुन्हा भेटतो, असे आम्हांस वाटते. दहा माणसे एकत्र येऊन संस्था काढतात. पण ती संस्था एकटी पडली तर मोठ्या भांडवलापुढे ती एका माणसाइतकीच दुबळी. तेव्हा संस्थांचाही संघ हवा, आणि तो असा की ज्यात लहान संस्थेचे स्वत्व बुडणार नाही. माणसामाणसांत सहकार करणे सोपे, कारण तेथे ओळख असते. संस्थासंस्थांत सहकार करावयाचा तर अध्यक्षाने अध्यक्षापुढे थोडे वाकावे लागते.

नाशिकरोडहून सिन्नरच्या वाटेस लागले की पळसे लागते. तेथील सहकारी साखर कारखाना मधल्या काळात काही हंगाम बंद राहिला. सभासदांचा ऊस दुसऱ्या कारखान्यांकडे गेला, आणि कामगारांस दुसरीकडे पोट शोधावे लागले. एक संस्था खाली बसते तेव्हा शेजारच्या संस्थांस तिचा ऊस दिसतो, तिचे सभासद दिसत नाहीत. अशा कथा महाराष्ट्रात आता गावोगावी आहेत.

कर्व्यांस व्हिएन्नानंतर जेमतेम सव्वा वर्षाचे आयुष्य लाभले. गोखल्यांच्या भाषणलेखनाच्या संग्रहाच्या संपादनाचे कामही याच अखेरच्या काळातले. त्यांचे मुख्य ग्रंथ इंग्रजीत आहेत. लोकहितवादींनी १८४९ सालीच ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले असता, शंभर वर्षांनंतरचा त्यांचा हा वारस परभाषेतच अधिक बोलला, ही आमची एक तक्रार शिल्लक राहतेच. जगभरच्या सहकारी संस्थांनी १९९५ साली मँचेस्टर येथे आपली तत्त्वे पुन्हा एकदा तपासून सात केली. क्रम बदलले, शब्द बदलले, स्वायत्तता व समाजाविषयीची आस्था ही नवी आली. कर्व्यांच्या आयोगाने घातलेले तत्त्व पूर्वी सहावे होते. नव्या यादीतही ते सहाव्याच क्रमांकावर आहे.